भवानीचं गिऱ्हाईक

त्या वर्षी देश एकाएकी पहाटे उठायला लागला.

ज्यांनी जन्मात उगवता सूर्य फक्त कॅलेंडरवरच्या चित्रात पाहिला होता, अशी माणसं अंधारातच दात घासून कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर जाऊन बसू लागली. दापोलीकडच्या एका गृहस्थाने म्हणे नंबर पहिला लागावा म्हणून कचेरीसमोरची खोलीच भाड्याने घेतली. दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर घरमालक त्याच्याही आधी जाऊन बसलेला. ज्यांचा नंबर दुसरा लागे त्यांतले बरेचजण वाद न घालता उठून घरी जात. पहिल्याचं काम होतं, कसलंही असलं तरी होतं, एवढंच सगळ्यांना कळलं होतं. का होतं, ते कुणालाच कळत नव्हतं. एका तज्ज्ञाने त्याचा संबंध पहाटेच्या हवेशी लावला. त्याचं पुस्तक बऱ्यापैकी खपलं.

खरं कारण तासगावच्या कासार गल्लीत, दुकानाच्या गादीवर बसून, हिरव्या बांगड्यांतल्या टिचलेल्या बांगड्या वेगळ्या काढत होतं. त्याचं नाव तृप्ती रासने. वय साठीकडे झुकलेलं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या काळात आज्यांच्या वयाच्या बायकांची नावं तृप्ती, स्नेहल, प्राजक्ता अशीच असत. पार्वती आणि यमुना बालवाडीत जात.

तृप्तीला प्रोग्रॅमिंग कुणी शिकवलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की हाताला चाळा म्हणून ती फोनवर ‘कोडंघर’ उघडून बसायची. तिथे रोज सकाळी एक कोडं यायचं. कधी सशांनी भरलेली बिळं, कधी नदी ओलांडणारे सैनिक, कधी वाट चुकलेली मुंगी. त्यावर प्रोग्रॅम लिहून पाठवायचा. तृप्तीने आधी दुसऱ्यांचे प्रोग्रॅम उघडून बघितले, मग मोडून बघितले, मग स्वतःचे लिहायला लागली. तिच्या प्रोग्रॅममध्ये लोक जिथे एबीसी लिहीत तिथे चुडा, पाटली, बिलवर असत. कोडंघरातले शिकलेसवरलेले कोडेकरी तिची थट्टा करायचे. ‘काकूंचा प्रोग्रॅम म्हणजे मुंबईहून पुण्याला जाताना वाटेत नागपुरात चहा,’ असं एकाने लिहिलं होतं. तृप्तीने खाली उत्तर दिलं, ‘चहा चांगला मिळतो.’

आता थोडं शास्त्र सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं खोटं वाटेल.

तेव्हा जगातले जवळजवळ सगळे प्रोग्रॅम यंत्रंच लिहीत. भराभर लिहीत, नीट लिहीत. पण सगळी यंत्रं एकाच ढिगातलं वाचून शहाणी झाली होती, त्यामुळे चुकायचीही एकाच जागी. एका लीप वर्षाच्या एकोणतीस फेब्रुवारीला देशातल्या झाडून सगळ्या शीतगृहांनी आजचा दिवस अस्तित्वातच नाही असं ठरवलं आणि दारं उघडायला नकार दिला. दुसरं यंत्र लावून बघितलं, तिसरं लावून बघितलं, सगळ्यांचं एकमत. बाहेर लग्नं खोळंबली आणि आत श्रीखंड.

शेतकऱ्याला ही गोष्ट जुनी आहे. सगळ्या शिवारात एकच वाण पेरलं की एकच रोग सगळं शिवार खातो. तेव्हा शास्त्रज्ञांनी ठरवलं, प्रोग्रॅमच्या पिकातही वेगळं बी मिसळायचं, माणसाने लिहिलेलं. पण कॉलेजात शिकलेली माणसंही यंत्रांसारखंच लिहीत, कारण पुस्तकं तीच. मग राहिली ती कुणीच न शिकवलेली माणसं, आपापल्या आडवाटेने जाणारी. त्यांच्या प्रोग्रॅमला शास्त्रज्ञ ‘रानबीज’ म्हणू लागले. ते गोळा करायचं जाळं म्हणजे कोडंघर. मुंगीची वाट शोधून दिली की ती कुठल्यातरी शहराच्या पाण्याच्या नळाला लागायची. हे सगळं कोडंघराच्या अटींमध्ये लिहिलेलं होतं, म्हणजे कुणीही वाचलेलं नव्हतं. आणि रानबीजाचा नियम एकच होता: यंत्राने त्याला हात लावायचा नाही, नाहीतर तेही बाकीच्यांसारखं होतं. बदल करायचा तर ज्याचं त्याने.

तृप्तीचं जे बी रुजलं, ते फाटकाचं कोडं. एका किल्ल्याला फाटक आहे. रोज सकाळी उघडतं. येणाऱ्यांपैकी कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं, ते ठरवा. तृप्तीचं उत्तर आटोपशीर होतं, बघत राहावं असं. कोडंघराने घेतलेल्या सगळ्या परीक्षांत ते पास झालं, आणि यथावकाश देशातल्या हरतऱ्हेच्या अर्जांच्या दारात जाऊन उभं राहिलं.

त्यात एक ओळ होती. सकाळी जो पहिला येईल, त्याला आत घ्यायचं. बाकीचं बघायचंच नाही.

ही ओळ तृप्तीने विचार करून लिहिली नव्हती. तिच्या हाताने लिहिली होती. सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानीचं गिऱ्हाईक कुठलाही दुकानदार रिकाम्या हाताने जाऊ देत नाही, आणि कासाराच्या दुकानात तर सासऱ्यांच्या आजोबांपासून हे चालत आलेलं. अशा हाताला ‘पहिला आला, परत पाठवा’ असं लिहिता येत नाही. परीक्षा घेणाऱ्यांनी जी उदाहरणं तपासली, त्यांत पहिला येणारा नेमका लायक निघाला होता. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

तृप्तीच्या लक्षात आणून दिलं ते जगूनाना मिरजे यांनी. नाना गल्लीतलेच, सुतारकामातून निवृत्त, दुकानाच्या पायरीवर बसून पेपर वाचणं हा त्यांचा मुख्य व्यवसाय. एके दिवशी ते नवी टोपी घालून आले.

“वहिनी, च्या सांगा. गायकाला नाही म्हणू नये.”

“कोण गायक?”

“मी. जिल्हा रेडिओवर निवड झाली. शास्त्रीय.”

तृप्तीने हातातली बांगडी खाली ठेवली. नानांचा आवाज गल्लीला ठाऊक होता. ते अंघोळीला बसून गायला लागले की शेजारची म्हैस पान्हा चोरायची.

“परीक्षा घेत नाहीत होय?”

“घेतली की. यंत्रानं ऐकून घेतलं आणि म्हणालं, अभिनंदन. माझ्या मागं एक पोरगा हुता. काय गळा वहिनी, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्याला म्हणालं, आणखी तालीम करा.”

“मग तुम्हालाच कसं घेतलं?”

“मी पयला हुतो. पयल्याचं काम हुतंच म्हणत्यात. म्हटलं, बघू तरी. तिथं गेल्यावर मागायला काय सुचंना, मग गाणं मागितलं.”

तृप्तीने चहा सांगितला. नाना गेल्यावर तिने जुनं कोडं उघडलं, ती ओळ वाचली आणि फोन उपडा ठेवला. अशा वेळी माणसाला घाम फुटतो असं लिहायची पद्धत आहे. तिला फुटला नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. सबंध देशात रोज सकाळी, दारोदारी, एक माणूस रिकामा जात नव्हता, आणि ते तिच्या हाताने. शिवाय काकूंच्या नागपुरातल्या चहाची थट्टा करणारे आता कुठल्यातरी पायरीवर नंबर लावून बसले असतील, हाही विचार मनात आला. ती कुणाला काही बोलली नाही. महिना तसाच गेला.

मग एका शनिवारी तिची मुलगी आली.

आरोही आणि तिचा नवरा अमेय पवनचक्क्यांच्या देखभालीवर होते. आज ढालगावच्या पठारावर, उद्या पाटणच्या डोंगरावर. उंच चढायचं, पातं तपासायचं, उतरायचं. त्यांना मूल हवं होतं आणि होत नव्हतं. विट्याच्या पाळणा केंद्रात त्यांनी दत्तक मुलासाठी तीनदा अर्ज केला होता.

“काय म्हणालं?” तृप्तीने विचारलं.

“तेच. सध्या योग्य नाही.”

“कारण?”

“कारण सांगत नाही ते. कारण सांगितलं तर माणसं कारणापुरतं सुधारतात म्हणे.” आरोहीने समोरच्या ताटलीतले पोहे चमच्याने या टोकाचे त्या टोकाला नेले. “अमेय म्हणतो, सोडून देऊ. तो तसं म्हणाला की मला त्याच्याकडे बघवत नाही, आणि नाही म्हणाला तरी बघवत नाही.”

तृप्तीच्या तोंडून निघून गेलं. फाटक, ओळ, भवानी, सगळं. आरोहीने मधे एकदाही तोडलं नाही.

“म्हणजे पहिली उभी राहिले की झालं,” ती शेवटी म्हणाली.

“झालं काय, आरू. न बघता आत घेतं ते. नानांना गायक केलं त्याने.”

“मग मला आई करायला त्याचं काय जातंय?”

“तुझं नाही म्हणत मी. तुझ्या आदल्या दिवशी कोण उभा असेल? मूल कुणाच्या हातात जातंय ते बघायला नको कुणी?”

“महिनाभर सुचलं नव्हतं तुला हे.”

तृप्तीला ते खरंच सुचलं नव्हतं. तिला गाणं सुचलं होतं, परवाने सुचले होते. ते फाटक पाळणा केंद्राच्या दारातही असेल, हे मुलगी समोर बसेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

“सोमवारी मी जाते,” आरोही उठत म्हणाली. “मंगळवारी तू कुणाला काय सांगायचं ते सांग. एक दिवस, आई. तुझ्या दुकानातून सकाळी परकी बाई रिकामी जात नाही. मीच एकटी जायची का?”

तृप्तीने तरी त्याच संध्याकाळी कोडंघराला कळवलं. रविवारी दुपारी दुकानासमोर एक गाडी थांबली आणि डॉक्टर मृण्मयी ढवळे नावाची, चाळिशीतली, विस्कटल्या केसांची बाई चपला काढून सरळ गादीवर येऊन बसली. रानबीजाचं सगळं खातं तिच्याकडे होतं.

“आधी बांगड्या भरा,” ती म्हणाली. “तुमच्याकडे येऊन मोकळ्या हाताने गेले तर संस्थेत हसतील.”

तृप्तीने तिचा हात हातात घेतला, अंगठ्याखाली दाबून माप बघितलं. “चूक सापडलीय,” ती म्हणाली.

“आम्हाला चैत्रातच सापडली.”

“मग काढली का नाही?”

“नियमाने आम्हाला हात लावता येत नाही, हे एक. आणि काढावीशी वाटत नाही, हे दुसरं.” डॉक्टरबाईंचा हात तृप्तीच्या मुठीत होता, त्यामुळे त्या दुसऱ्या हाताने बोलत होत्या. “असं बघा. सूप पाखडतं. फोलपट म्हणून जे उडालं त्यात दाणे किती गेले, हे सुपाला कधी कळतं का? उडालेलं कुणी पेरून बघत नाही. यंत्राचं तसंच. ज्याला ते नाही म्हणतं, त्याचं पुढे काय झालं असतं हे कळायची त्याला सोयच नाही. म्हणून त्याची चूक त्याला दिसत नाही, आणि दरवर्षी ते जास्त ठाम होत जातं. तुमची ओळ रोज एक उडवलेला दाणा पेरून बघते. तुमच्या गल्लीतले ते गायक आहेत ना?”

“नाना. त्यांचं काय?”

“त्यांचं गाणं द्राक्षबागायतदार स्पीकरवर लावतात. पाखरू फिरकत नाही बागेत. मणेराजुरीपासून पार नाशिकपर्यंत मागणी आहे. यंत्राला आम्ही दहा वर्षांत शिकवू शकलो नसतो ते नानांनी एका रागात शिकवलं.”

तृप्तीला हसू आलं. ते तिने पुरतं येऊ दिलं नाही.

“पाळणा केंद्राच्या दारात पण हेच फाटक आहे?”

“आहे.”

“तिथे कसे निघाले दाणे?”

डॉक्टरबाईंनी हातातल्या नव्या बांगड्या मनगटावर वर-खाली केल्या. “चांगले. यंत्राने नको म्हटलेली बरीच घरं उत्तम निघाली.”

“सगळी?”

“दोन मुलं परत आणावी लागली.”

“परत आणताना ती कशी होती?”

याला डॉक्टरबाईंनी उत्तर दिलं नाही. त्या हुशार होत्या आणि खोटं बोलत नसत, तेव्हा त्यांना तेवढंच करता आलं. जाताना पायरीवर थांबून म्हणाल्या, “त्या एका दारापुरती ओळ काढायची असेल तर काढा. बी तुमचं आहे. केंद्र दहाला उघडतं. त्याच्या आधी पाठवलंत तर त्याच दिवसापासून लागू, नंतर पाठवलंत तर दुसऱ्या दिवसापासून. एवढं तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.”

आरोहीबद्दल त्यांना काही ठाऊक नव्हतं.

सोमवारी तृप्तीने दुकान उघडलं, गणपतीला उदबत्ती लावली आणि फोन घेऊन बसली. ओळ काढणं म्हणजे काय, बोट दाबायचं की गेली. तिने काढली. प्रोग्रॅम चालवून बघितला. उत्तम चालला, पहिल्या माणसाला त्याने दारातून सुरेख परत पाठवलं. तिने ओळ पुन्हा घातली. मग पुन्हा काढली. विट्याला पायरीवर आरोही बसली असणार. ती लहानपणापासून कुठेही वेळेआधी पोचणारी. दहा वाजून पाच मिनिटांनी फोन हातात घेतला तर कुणी विचारणारही नव्हतं. एका दिवसाने जगाचं काय बिघडतं, हा हिशोब तृप्तीने मांडून पाहिला. प्रत्येक वेळी त्या एका दिवसात आरोहीच्या जागी दुसरंच कुणीतरी उभं दिसायचं, आणि त्या माणसाला तोंड नसायचं.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. एक नवी नवरी, सासूला बाहेर उभी करून आत आलेली. तिला गच्च हिरवा चुडा हवा होता, आजच, पाहुणे यायचे होते. तृप्तीने तिचा हात घेतला, दाबला, आणि मुलीने ओठ आवळले.

“कुठं पडलीस?”

“पायरीवरून. काही नाही ते.”

“सांधा सुजलाय. आज चढवल्या तर चढतील, पण उद्या सूज वाढली की काच आत रुतेल. मग त्या फोडून काढायला लागतात, त्याही हातातल्या हातात.”

“पण सासूबाई...”

“बोलव त्यांना.”

तृप्तीने सासूला आत बोलावलं, बसवलं, तिला सुनेचा अंगठा धरायला लावला, सूज कुठून कुठे आहे ते बोटाने दाखवलं. पोरीला हळदीचा लेप कसा लावायचा ते सांगितलं. बराच वेळ गेला त्यात. दोघी उठल्या तेव्हा पोरीच्या हातात काही नव्हतं, आणि जाताना तिने मागे वळून “येते हं काकू” म्हटलं.

कासार गल्लीच्या त्या दुकानातून भवानीचं गिऱ्हाईक रिकामं गेल्याची ही पहिलीच वेळ. सासरे असते तर दिवसभर जेवले नसते. तृप्ती जरा वेळ पायरीकडे बघत राहिली. मग तिने फोन ओढला आणि पाळणा केंद्राच्या फाटकापुरती ती ओळ काढून तिथे दुसरी लिहिली. पहिला येईल त्यालाही नीट तपासायचं. लायक नसला तर आत घ्यायचं नाही. पण पाठवूनही द्यायचं नाही. आतून एक माणूस येईल, समोर बसेल, काय अडलंय ते सांगेल, आणि आलेला स्वतः उठेपर्यंत उठणार नाही.

तिने ते पाठवलं तेव्हा दहा वाजायचे होते. किती वाजले होते ते तिने बघितलं नाही, पण वाजायचे होते हे तिला माहीत होतं.

आरोही दुपारी आली. पायरी चढली, गादीच्या कडेला बसली, पाणी मागितलं नाही.

“पहिली होते,” ती म्हणाली. “माझ्या मागे अकराजण. यंत्र म्हणालं, सध्या योग्य नाही. मागचे सगळे हसायला लागले, त्यांना वाटलं यंत्र बिघडलं.”

तृप्तीने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

“तू केलंस ना सकाळी?”

“हो.”

“मी तिथे बसलेय हे माहीत असताना.”

“माहीत असताना.”

रस्त्यावरून नानांचं गाणं गेलं. कुणीतरी बागेकडे स्पीकर घेऊन चाललं होतं.

“मग यंत्रावर दिवा लागला आणि आतून एक बाई खुर्ची घेऊन आली,” आरोही पुढे सांगू लागली, दुसऱ्या कुणाला सांगावं तशी. “तिलाच कळेना काय करायचं. म्हणाली, आजपासून असं आलंय, तुम्ही उठेपर्यंत मला उठता येत नाही. मी उठलेच नाही. मागची माणसं वैतागली. तिने तीनदा चहा मागवला, दोनदा मलाही दिला. मग कुठे ती यंत्राला खोदून विचारायला लागली.”

“काय म्हणालं?”

“आमचं घर सापडत नाही त्याला. दरवर्षी डोंगर बदलतो. आम्ही दोघं वर चढलेलो असताना शाळेतून सुटलेलं पोर कुठल्या दाराशी येऊन थांबणार, ते त्याला दिसत नाही. बाई म्हणाली, तसं एक दार सांगा, मी पुढे पाठवते. होईलच असं नाही, पण पाठवते.”

“मग?”

“हे दुकान सांगितलं.” आरोहीने पहिल्यांदा आईकडे बघितलं. “तुला विचारलं नाही. तूही मला विचारलं नव्हतंस.”

तृप्तीने समोरच्या बांगड्यांचा गठ्ठा उचलून मागच्या फळीवर ठेवला, मग त्याच्याही वरच्या फळीवर ठेवला.

“खाली बारीक काचा असतात,” ती म्हणाली. “रांगतं पोर आलं तर इथे गादीपर्यंत येऊन चालायचं नाही.”

आरोही उठली. कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि पायरीपासून गादीपर्यंतची जमीन झाडायला लागली, फळ्यांच्या खालून, कोपऱ्याकोपऱ्यातून. एक काच तेवढी तिने उचलून उजेडात धरून बघितली, आणि पुन्हा वाकून तिथेच दुसऱ्यांदा झाडलं.